लेखणी आपल्याच हाती आहे

खामगावच्या कापूस बाजाराने पारतंत्र्याचे अर्थकारण फार जवळून पाहिले आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला, तो बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी नव्हे; वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत विनासायास पोहोचावा यासाठी. पुढे १८९६ मध्ये विलायती कापडावर जेवढे आयात शुल्क होते, तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर भारतीय गिरण्यांच्या कापडावर लादण्यात आला. लँकेशायरला आपली स्पर्धा जाचू नये, एवढाच त्यामागील हेतू. शुल्काचा दर हा निव्वळ आकडा नसतो. राज्य कोणासाठी चालते, याचे ते उत्तर असते.

या इतिहासाची आठवण होण्याचे कारण असे की, १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आल्यापासून एक विधान आपल्या कानांवर सतत आदळत आले आहे. जागतिकीकरणात राष्ट्रीय सरकारांच्या हाती काही उरलेले नाही, निर्णय जिनिव्हात होतात, असे ते विधान. ते अर्धसत्य आहे. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांहून अधिक आयात शुल्क लावणार नाही, हे भारताने करारात मान्य केले आहे. पामतेलाबाबत मात्र हीच मर्यादा ३०० टक्के आहे. म्हणजे जेथे आपण हात बांधून घेतले तेथे ते बांधलेले आहेत. जेथे मोकळे ठेवले तेथे मोकळे आहेत. चिखली-मेहकरच्या सोयाबीन उत्पादकाला तेलाच्या आयातीची झळ बसते, तेव्हा दोष सर्वस्वी जिनिव्हाचा नसतो.

ज्यांनी मुक्त व्यापाराचे धडे जगाला दिले, त्यांचे आचरणही पाहावे. अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदाने देऊन जागतिक भाव पाडले. ब्राझील रडत बसला नाही. त्याने २००२ मध्ये तक्रार नोंदविली, २००५ मध्ये अपिलातही ती जिंकली आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेला ३० कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. त्याच अमेरिकेने पुढे नेमणुका रोखल्या आणि डिसेंबर २०१९ पासून हे अपील मंडळच ठप्प झाले. राष्ट्र-राज्याचे दिवस भरले, असे म्हणणाऱ्यांनी या दोन्ही घटनांचा अर्थ लावून दाखवावा.

आता आपल्या घराकडे वळू. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. वस्त्रोद्योगाला दिलासा देण्यासाठी आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले; प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. हा निर्णय कोणत्याही जागतिक संघटनेने लादला नव्हता. तो दिल्लीतील एका अधिसूचनेने झाला. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती; तेथील कामगारही आपलाच बांधव आहे. परंतु मुदतवाढीचे ते तीन महिने म्हणजे विदर्भात कापूस वेचणीचे आणि विक्रीचे दिवस. गिरणीचा भार हलका करताना तो मलकापूर-नांदुऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खांद्यावर का ठेवला गेला? मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच हंगामात विनाशुल्क परदेशी कापसाला दार उघडायचे, यात सुसंगती कोठे आहे? २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये समाविष्ट झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता, याचा विसर पडून चालणार नाही.

सिंदखेडराजा ही जिजाऊंची जन्मभूमी. त्यांच्या पुत्राने १६७१ मध्ये कुडाळ प्रांतातील आपल्या अधिकाऱ्याला दिलेली आज्ञा आजही मार्गदर्शक आहे. पोर्तुगीज मुलखातील बारदेशचे मीठ स्वस्त पडल्याने स्वराज्यातील मीठ खपेनासे होईल, हे ओळखून महाराजांनी त्यावर जबर जकात बसविण्यास सांगितले. त्यांनी व्यापार बंद केला नाही. व्यापाराला राष्ट्रहिताची चौकट घातली.

स्वदेशीचा अर्थ एवढाच. उद्योगाला सवलत द्यायची असेल तर ती सरकारी तिजोरीतून द्यावी. आयात शुल्काचे निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावेत आणि हंगामात ते बदलू नयेत. सरकार आपल्या विचारांच्या जवळचे आहे म्हणून हे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. उलट म्हणूनच ते अधिक स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १८९६ मध्ये लेखणी परक्यांच्या हाती होती. आज ती आपल्या हाती आहे. तिने कोणाचे हित लिहायचे, हा निर्णयही आपलाच आहे.