वायमार आणि त्यामागची टेकडी

जर्मन संस्कृतीचा परिचय करून देणारे भारतीय भाषांतील लेख बहुधा एकाच ठिकाणाहून निघतात. गेऑर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन भाषेत आणलेले ‘शाकुंतल’ वाचून गटे हर्षभरित झाला, ही ती कथा. तिच्यामागून मॅक्स म्युलरचे ऋग्वेदसंपादन येते आणि परिचय पुरा झाला असे मानले जाते. ह्यात असत्य काही नाही. परंतु हा परिचय जर्मनांचा कमी आणि आपलाच अधिक आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन तेथे टांगलेली आपलीच तसबीर न्याहाळीत बसावे, तसा हा प्रकार होय.

त्यापेक्षा वायमार हे एक लहानसे शहर नीट पाहिले, तर अधिक हाती लागेल. जर्मनी राजकीय दृष्ट्या एक झाली ती १८७१ मध्ये. तोवर तेथे लहानमोठी अनेक संस्थाने नांदत होती आणि पॅरिससारखी सर्व काही आपल्याकडे ओढून घेणारी राजधानी नव्हती. म्हणूनच आडबाजूच्या गावीही नाट्यगृह, वाद्यवृंद आणि ग्रंथालय उभे राहिले. ह्या राजाश्रयाला जाचही होता. बाख १७०८ ते १७१७ वायमारच्या दरबारी होता. दुसरीकडे नोकरी धरण्याचा हट्ट केला म्हणून ड्यूकने त्याला सुमारे महिनाभर कैदेत ठेवले. १७७५ मध्ये तेथे आलेला गटे मात्र खाणी, रस्ते आणि रंगभूमी ह्यांचा कारभार पाहत आयुष्यभर तेथेच राहिला.

ह्याच गावी १९१९ मध्ये ग्रोपिअसने बौहाउस ही कलाशाळा स्थापन केली. कलावंत आणि कारागीर ह्यांच्यामधील भिंत पाडणे हा तिचा संकल्प होता. १९२२ च्या डिसेंबरात क्ले, कँडिन्स्की प्रभृतींच्या कृती कलकत्त्यात प्रदर्शित झाल्या, त्या ह्याच शाळेकडून आलेल्या. शाकुंतलाच्या कथेइतकी ही हकीगत आपल्याकडे सांगितली जात नाही, हे नवलच. वायमारला मात्र ही शाळा मानवली नाही. नव्या उजव्या सरकारने तिचे अनुदान तोडले आणि १९२५ मध्ये ती डेसाऊला गेली. ज्या नाट्यगृहात १९१९ मध्ये जर्मन प्रजासत्ताकाची घटना तयार झाली, त्याच नाट्यगृहात १९२६ मध्ये नाझी पक्षाचा मेळावा भरला.

१९३७ मध्ये शहरामागच्या एटर्सबर्ग टेकडीवर छळछावणी उभी राहिली. टेकडीचेच नाव छावणीला देण्याचे योजले होते. त्यास वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळींनी हरकत घेतली. त्या नावाशी गटेची स्मृती निगडित होती! हरकत छावणीला नव्हती, नावाला होती. ती मानली गेली आणि छावणी बूखनव्हाल्ट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४५ पर्यंत सुमारे २ लाख ८० हजार माणसे तेथे व तिच्या उपछावण्यांत डांबली गेली. त्यांतील सुमारे ५६ हजार मृत्युमुखी पडली.

छावणीच्या फाटकावर ‘ज्याचे त्याला’ अशा अर्थाची जर्मन अक्षरे आहेत, तीही आतल्या कैद्यांना वाचता यावीत अशी बसविलेली. हेच शब्द घेऊन बाखने १७१५ मध्ये वायमारलाच एक धर्मसंगीतिका रचली होती. अक्षरांचा आराखडा फ्रान्झ एर्लिख ह्या कैद्याकडून करवून घेण्यात आला. तो बौहाउसचा विद्यार्थी. हाकलून दिलेल्या शाळेचेच वळण त्याने अक्षरांना दिले आणि पहारेकऱ्यांच्या ते ध्यानातही आले नाही.

येथे दोन सोपी उत्तरे पुढे येतात. गटेचे जर्मन निराळे आणि छावणीचे निराळे, हे एक. त्या सगळ्या संस्कृतीची परिणती छावणीतच व्हायची होती, हे दुसरे. पहिल्याला त्या नावाची हरकत खोडून काढते, दुसऱ्याला एर्लिखची अक्षरे. परिचयग्रंथांत मात्र कला एका प्रकरणात आणि छावणी इतिहासाच्या दुसऱ्याच प्रकरणात टाकली जाते. प्रत्यक्षात दोहोंमध्ये काही किलोमीटरांचेच अंतर आहे.

टेकडीवरचे जंगल तोडताना एक ओक वृक्ष राखला गेला होता. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. १९४४ च्या ऑगस्टमधील बाँबहल्ल्यात तो जळाला आणि मग तोडण्यात आला. त्याचे खोड अजून तेथे आहे.