बुरशी भिंतीवर, ठपका माणसांवर

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातील बुरशीमुळे जडलेला श्वसनविकार हेच कारण, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. सुदानहून आलेल्या त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती. उत्तर मिळाले, वरून रंग मारा! या कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीत धरून चाललो, अशी कबुली घरमालक संस्थेने नंतर दिली.

हे गृहीतक आपल्या ओळखीचे आहे. गळकी घरे द्यायची आणि 'हे लोकच अस्वच्छ' म्हणायचे, ही मनुवादी रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली.

बुरशीला जात कळत नाही; तिला ओल आणि कोंदट हवा पुरते. भिजलेले घर एक-दोन दिवसांत वाळले नाही तर ती धरते. तोंडाला फडके बांधून भिंत साबणाच्या पाण्याने घासावी, कुजलेली गादी टाकून द्यावी. परंतु गळका पाइप, फुटकी गच्ची दुरुस्त करणे मालकाचेच काम आहे.

इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाबच्या नावाचा कायदा लागू झाला. सामाजिक भाडेघरांत तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा. गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या १० दिवसांत करायची. आपल्या पुनर्वसन इमारतींना, सफाई कामगारांच्या वसाहतींना अशी मुदत का नसावी? योग्य निवारा हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. म्हणून तक्रार लेखी करा, पोच घ्या आणि एकेकट्याने नव्हे, साऱ्या वसाहतीने करा.