भारामगड कुठे आहे?

एक फॉरवर्ड तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवा, मधली कशीही फिरवा, मेंदू बरोबर वाचतो. वर केंब्रिज विद्यापीठाचा हवाला. २००३मध्ये तो इंग्रजीत पसरला, तेव्हा केंब्रिजमधल्याच मॅट डेव्हिस या संशोधकाने खुलासा केला की असा अभ्यास इथे झाल्याचं माहीत नाही. खरं जुनं काम म्हणजे ग्रॅहम रॉलिन्सन यांचा नॉटिंगहॅम विद्यापीठातला १९७६चा प्रबंध. पण माझं भांडण केंब्रिजशी नाही. ‘अक्षरांचं काय एवढं, मेंदू घेतो सांभाळून’ असं म्हणणाऱ्यांशी आहे.

शीर्षक पुन्हा वाचा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस तिथे फारसा अडत नाही, त्याने ‘भामरागड’ वाचलेलं असतं. पुण्यातल्या वाचकाला ते न ऐकलेलं गाव वाटू शकतं. चूक एकच, पण एकाच्या डोक्यात शब्द आधीच आहे. मी कोड लिहून पोट भरतो. ऑटोकरेक्टही असंच चालतं: शब्द यादीत असेल तरच तो धड दुरुस्त होतो.

त्यात आपली लिपी वेगळी. ‘जंगल’ या शब्दात मधे फिरवायला एकच अक्षर आहे, काय फिरवणार? ‘गडचिरोली’तली पहिली वेलांटी ‘च’च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या २००२च्या हिंदीवरच्या अभ्यासात अशा ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलं. म्हणजे क्रम बिघडवायच्या आधीच आपला मेंदू क्रम सांभाळत असतो.

आता भामरागडमधलं पहिलीतलं मूल घ्या. घरात माडिया, म्हणजे द्राविड कुळातली भाषा. पुस्तक मराठी. ते अक्षर अक्षर जोडून बरोबर आवाज काढेलही, पण त्या आवाजाला भेटणारा शब्द त्याच्याकडे नाही. एक मात्रा हुकली की सावरायला काहीच नाही. आपण ज्याला मेंदूची कमाल म्हणतो, ती घरात मिळालेल्या भाषेची कमाई आहे. ती ज्याला मराठीत मिळाली नाही, त्याच्या नावापुढे आपण ‘वाचनात कच्चा’ लिहून मोकळे होतो.

२००९चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी शाळा काढून ‘शक्यतो’ म्हणजे काय ते दाखवलं. सरकारने काय केलं? मान्यता नाही म्हणून नोटीस धाडली.

मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. आधी मुलाला त्याच्या भाषेतला शब्द छापील दिसू द्या, मग मराठी येईल. मराठी शाळा बंद पडल्या की गळा काढणाऱ्या आपल्यालाही हे पटायला काय हरकत आहे?