अफूच्या गुन्ह्याला स्वतंत्र कलम हवे

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्याचा विषय निघाला की आपल्याकडे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. सर्व आरोपींना निर्दोष ठरवणाऱ्या त्यांच्या भिन्न निकालपत्राबद्दल मलाही आदर आहे. पण त्या आदराच्या आडोशाला जपानने व्याप्त चीनमध्ये केलेला अफूचा व्यापार झाकला जातो. तो त्या काळचा सर्वमान्य महसुली धंदा होता, असे म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांचे तीन मुद्दे आहेत. तिन्ही टिकत नाहीत.

पहिला मुद्दा असा की, ब्रिटनने तेच केले होते. केलेच होते. चिनी अधिकारी लिन झेशू यांनी १८३९ मध्ये हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, तेव्हा ब्रिटनने युद्ध पुकारले आणि १८४२च्या नानकिंग तहात त्या अफूचे ६० लाख डॉलर चीनकडून वसूल केले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या तिच्यावर गबर झाल्या. पण यावरून ब्रिटनही दोषी ठरतो. जपान निर्दोष ठरत नाही. शिवाय मधल्या शंभर वर्षांत कायदा बदलला होता. १९१२चा हेग, १९२५चा जिनीव्हा आणि १९३१चा अमली पदार्थांचा करार, या तिन्हींत जपान स्वतः सामील होता. आपल्या देशात तर त्याने अफूवर कडक बंदी घातली होती. मायदेशी निषिद्ध असलेले विष परक्या प्रजेला विकणाऱ्याला अजाणतेपणाची सबब सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा मक्तेदारीचा. सरकारी मक्तेदारीमुळे व्यसन हळूहळू आटोक्यात येते, असे सांगून जपानच्या ताब्यातील तैवानचा दाखला दिला जातो. तैवानमध्ये परवानाधारक अफूबाज दशकानुदशके घटत गेले, हे मान्य. पण १९३२ मध्ये ईशान्य चीनमध्ये जपानच्या अधिपत्याखालचे मांचुकुओ स्थापन होताच तीन कोटी येनचे कर्ज उभारले गेले, ते अफूच्या मक्तेदारीचे उत्पन्न तारण ठेवून. ज्या उत्पन्नावर कर्ज काढले ते घटावे, असे कोणत्या सरकारला वाटेल? शांघायमध्ये १९३८ साली जपानी लष्कराच्या विशेष सेवा विभागाने सातोमी हाजिमे यांना इराणी अफू खपवण्याचे काम दिले. पुढे त्यांनी चालवलेल्या होंगजी शानतांग या संस्थेचा पैसा जपानने बसवलेल्या कठपुतळी राजवटीलाही पोसत होता. डिसेंबर १९४३ मध्ये नानजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी अफूचे अड्डे फोडले. ही व्यसनमुक्ती असती तर त्यांना तसे करावे लागले नसते.

तिसरा मुद्दा पालांच्या युक्तिवादातून उचललेला: कृत्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही. आक्रमक युद्धाच्या आरोपाबाबत हा युक्तिवाद वजनदार आहे. अफूला तो लागू होत नाही. व्याप्त प्रदेशातील लोकांच्या जीविताचा आदर राखण्याचे बंधन १९०७च्या हेग नियमांनीच घातले होते.

टोकियो न्यायाधिकरणाचे खरे चुकले ते दुसरीकडेच. अफूच्या व्यापारातून युद्धाला पैसा मिळाला आणि चिनी प्रतिकार खच्ची करण्याचाही हेतू होता, हे निकालपत्रात नोंदले गेले. मात्र आरोपपत्राच्या ५५ कलमांत अफूचे एकही नव्हते. ती केवळ आक्रमणाचा पुरावा ठरली. मांचुकुओचे प्रशासन चालवणाऱ्या होशिनो नाओकी यांना जन्मठेप झाली, तीही आक्रमक युद्धासाठी. सातोमी यांनी साक्ष दिली आणि ते मोकळे सुटले. चीनने मात्र १९४६च्या आपल्या युद्धगुन्हे कायद्यात अमली पदार्थ पसरवणे हा गुन्हा मानला. नेमकी तीच दृष्टी जगाने स्वीकारायला हवी होती.

१९८९ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची कल्पना संयुक्त राष्ट्रांत पुन्हा मांडली, ती अमली पदार्थांच्या तस्करीसाठीच. तरीही त्या न्यायालयाच्या १९९८च्या रोम संविधीतून हा गुन्हा वगळला गेला. तस्करी हे देशोदेशीच्या पोलिसांचे काम आहे, असा आक्षेप होता. शांतताकाळात तो रास्तही आहे. पण व्याप्त प्रदेशात पोलीस ज्याचे, अफूही त्याचीच असेल, तर फिर्याद द्यायची कोणाकडे?

म्हणून रोम संविधीत एक नेमके कलम हवे: आपल्या ताब्यातील प्रदेशात महसुलासाठी किंवा प्रतिकार मोडण्यासाठी अमली पदार्थ पिकवणारी, विकणारी अथवा विकू देणारी सत्ता युद्धगुन्हेगार ठरावी, आणि हुकूम देणाऱ्या सेनाधिकाऱ्याबरोबर माल पुरवणारा व्यापारीही पिंजऱ्यात उभा राहावा.