दुकानाचा पाया आणि उधारीची वही

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत लातूर-धाराशिव सीमेजवळच्या किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या पहाटे 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने हजारो माणसे घरातच गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरच्या मातीच्या थरांनी त्यांचा जीव घेतला. म्हणूनच धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या चौसाळ्यासारख्या महामार्गावरच्या बाजारगावाने नकाशावर विसंबून राहू नये. इथली खते-बियाणे, किराणा आणि हार्डवेअरची दुकाने आसपासच्या शेतकऱ्यांचा हंगाम चालवतात. ती महिनाभर बंद पडली, तर पेरणीच अडते.

असा धक्का शंभर वर्षांत एखादा, मग खर्च कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण कपाटे भिंतीला पट्टीने जखडणे, जड पोती खाली ठेवणे, कीटकनाशकांच्या बाटल्यांपुढे आडवी पट्टी लावणे याला कितीसा पैसा लागतो? खरे भांडवल तर उधारीच्या वहीत असते आणि ती ढिगाऱ्याखाली गेली की येणेही बुडते. तिचे फोटो दर आठवड्याला परगावच्या नातेवाइकाकडे पाठवावेत. आगीतही तेच उपयोगी पडतील. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 2021 पासून असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विम्यात भूकंपही धरलेला आहे. धक्क्यानंतर मात्र तडे तपासल्याशिवाय शटर उघडू नये, आणि ढिगारा हलवण्याआधी नुकसानीचे फोटो काढून विमा कंपनीला कळवावे. व्यापारी संघटनेने अभियंत्याकडून जुन्या माळवदी दुकानांची पाहणी याच उन्हाळ्यात करून घ्यावी.