भीमथडीच्या पाठीवर किती भार?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडी, सणसरच्या वाटेने इंदापूरकडे निघते, तेव्हा बेलवाडीच्या आणि पुढे इंदापूरच्या मैदानावर गोल रिंगण होते. लाखो डोळ्यांदेखत दोन घोडे धावतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तो देवाचा अश्व. त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी गर्दी उसळते. ही गर्दी पांगली, पालखी सराटीकडे निघून गेली, की त्याच रस्त्याने वर्षाचे उरलेले दिवस दुसरे घोडे चालत असतात. त्यांच्या पाठीवर पाल, वाघर, धान्याची पोती, पाणी भरायची भांडी, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकतेच जन्मलेले कोकरू आणि वर एखादे मूल असते. या घोड्यांची माती कोणी कपाळी लावीत नाही. मात्र भीमथडी घोड्याची जात जर आज शिल्लक असेल, तर ती मुख्यत्वे या धनगर बिऱ्हाडांच्या तट्टांमध्ये.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी आणि भूतिया यांच्यानंतरची ही देशातील आठवी नोंदलेली जात होय. ज्या भूप्रदेशावरून ‘भीमथडी’ नावाचा तालुकाच एकेकाळी पुणे जिल्ह्यात होता, त्या भीमा-नीरेच्या खोऱ्याला या गोष्टीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. अभिमानाबरोबर योजनाही येतात. भीमथडीवर रपेट, लांब पल्ल्याच्या शर्यती, कृषी पर्यटन, शाळांतील अश्वारोहण, लग्नाची वरात, अशा कल्पना आता बोलल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. ज्या जनावराला बाजारात काही काम उरत नाही, ते केवळ गौरवाच्या भाषणांवर जगत नाही, हे आपण बैलाच्या बाबतीत पाहतोच आहोत. परंतु या सर्व कल्पनांत एक साधा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही: या घोड्याने पाठीवर घ्यावयाचे तरी किती?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. बैल ओढतो आणि घोडा वाहतो, या दोन कामांत मोठे अंतर आहे. ओढण्याच्या कामात ओझ्याचा बराचसा भाग चाकांवर असतो. वाहण्याच्या कामात तो संपूर्णपणे पाठीच्या कण्यावर येतो. घोड्याचा कणा हा पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये टाकलेल्या तुळईसारखा आहे, आणि कमरेच्या भागात तर त्याला बरगड्यांचाही आधार नाही. ओझे जितके मागे सरकते तितका या निराधार भागावर ताण पडतो. खोगीर नीट बसलेले नसेल, स्वार पोत्यासारखा आदळत असेल, तर वजन तेच राहूनही इजा वाढते. घोडा हे सर्व सोसतो आणि ओरडत नाही, हीच खरी अडचण आहे.

साधारण मान्यता पावलेले सूत्र असे की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे. अमेरिकेच्या घोडदळाने १९२० च्या सुमारास हेच प्रमाण सांगितले होते. पुढे २००८ मध्ये ओहायो येथील संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के इतका भार ठेवून पाहिला. २५ टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके वाढले व स्नायूंच्या दुखण्याची लक्षणे स्पष्ट झाली. इंग्लंडमध्ये २०१८ साली जाहीर झालेल्या एका छोट्या प्रयोगात तर जड स्वारांच्या चाचण्या घोडे लंगडू लागल्यामुळे अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या. उलट जपानमधील संशोधकांनी आपल्या योनागुनी, ताईशू अशा बुटक्या देशी घोड्यांची चाल तपासली, तेव्हा त्यांची मर्यादा एक पंचमांशाच्या बरीच वर निघाली. या प्रयोगांत अंतर थोडे होते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तथापि लहान, काटक जातींना मोठ्या घोड्यांचे माप जसेच्या तसे लावता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. भीमथडीसाठी स्वतंत्र मोजमाप हवे, ते यासाठीच.

तोवर एक पंचमांशाने काम चालवावे. घोड्याला काट्यावर चढविण्याची गरज नाही, मापपट्टी पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर अदमासे किलोग्रॅममध्ये येते. समजा, एखाद्या तट्टाचा घेर १४५ आणि लांबी १२५ सेंटिमीटर भरली. त्याचे वजन सुमारे २२१ किलो होईल आणि एक पंचमांश ४४ किलो. खोगीर, रिकीब, लगाम यांचे सात किलो वजा केले तर स्वारासाठी उरतात ३७ किलो, म्हणजे शाळेतला एखादा किरकोळ मुलगा. प्रस्तुत लेखकाचे वजन ७४ किलो आहे. त्याला बसवावयाचे तर चारशे किलोंहून अधिक वजनाचा घोडा हवा. थोडक्यात, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने अशा तट्टाशेजारून चालावे हेच बरे.

मग मराठ्यांनी याच घोड्यांवर मुलूख कसा पालथा घातला, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तराचा काही भाग काटकपणात आहे आणि काही भाग हलकेपणात. सडा स्वार, थोडकी शिबंदी, अवजड सामान मागे ठेवून केलेली दौड, ही त्या युद्धपद्धतीची ओळख होती; १७२८ च्या पालखेड मोहिमेत तिचा कळस दिसला. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षाही उद्बोधक वाटावी अशी गोष्ट घोड्याच्या मालकीची आहे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा हे त्याचे भांडवल. तो मेला की चाकरी संपली. म्हणून शिलेदार घोड्याला जपे, आणि कधी कधी इतका जपे की लढाईत पुढे घालावयासही तयार नसे, अशी तक्रार होत असे. बारगिराचे तसे नव्हते. त्याचा घोडा सरकारी पागेतला. हानी झाली तर सरकारची. अशा ठिकाणी जपणूक आपोआप होत नाही, ती हुकुमाने करावी लागते. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांस पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, हा त्याचा आशय. राज्यकर्त्याने वैरणीच्या गंजीची एवढी चौकशी का करावी, याचे उत्तर बारगिराच्या व्यवस्थेत आहे.

आजचा पर्यटनाचा घोडा या दोन्हींपैकी कोणाचाच नाही, आणि येथेच धोका आहे. बसणारा मालक नसतो. मालक बसत नाही. आणि लगाम धरून पुढे चालणारा पोरगा बऱ्याचदा दोघांपैकी कोणीच नसतो, रोजंदारीवरचा असतो. भाडे ठरते ते फेरीवर. दहा वर्षांची मुलगी आणि नव्वद किलोंचे गृहस्थ यांना सर्वसाधारणपणे तोच दर. पोते तोलून हमाली देणारा, टपालात ग्रॅमवर तिकीट लावणारा, विमानात बॅगेच्या प्रत्येक किलोचा हिशेब देणारा आपला समाज घोड्यावर बसताना मात्र वजन हा शब्द उच्चारीत नाही; तो असभ्यपणा समजला जातो! परिणामी जादा किलोंची किंमत भाड्यात येत नाही, ती घोड्याच्या कमरेतून वसूल होते. यंत्राच्या झिजेला आपण घसारा म्हणतो व हिशेबात धरतो. घोड्याचा घसारा आज दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी जनावर पाठीला हात लावू देईनासे होते, अडखळते, आणि मग ते कमी किमतीला कोणा अधिक गरजू माणसाकडे जाते, जो त्याच्याकडून अधिकच काम घेतो.

मालकाला आपल्या जनावराचे नुकसान कळत नाही काय? कळते. परंतु हंगाम थोडा, कर्जाचा हप्ता दरमहा आणि समोर रोख पैसे घेऊन उभे राहिलेले वजनदार कुटुंब. अशा वेळी उद्याचे नुकसान आजच्या मिळकतीपुढे लहान दिसते. याला क्रौर्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माथेरानमध्ये, जेथे मोटारींना मज्जाव असल्याने घोडा हे करमणुकीबरोबर वाहतुकीचेही साधन बनले, किंवा महाबळेश्वर-पाचगणीस जे घोडेवाले दिसतात, त्यांना दोष देण्याआधी त्यांच्याकडे वजनाप्रमाणे दर मागण्याची शक्ती आहे काय, हे पाहिले पाहिजे. एकट्या घोडेवाल्याने नव्वद किलोंच्या गिऱ्हाइकाला नकार दिला, तर ते शेजारच्या घोड्यावर बसते. नियम सर्वांना एकदम लागू झाला तरच तो पाळणे कोणाच्या अंगावर येत नाही.

कायद्याचे पाहू जाता, प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जनावरावर बेसुमार ओझे लादणे हा त्यात गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयीचे केंद्रीय नियम १९६५ चे. त्यांत पाठीवरच्या ओझ्याचे कोष्टक आहे: तट्टाला ७० किलो, खेचराला २००, गाढवाला ५०, उंटाला २५०. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, ३७ अंशांवर उष्मा गेला असता दुपारी बारा ते तीन काम नको, हेही त्यात आहे. बारामती-इंदापुरातला एप्रिल ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे शेवटचे कलम किती शहाणपणाचे आहे ते सांगावयास नको. परंतु कोष्टक ओझ्याचे आहे, स्वाराचे नाही. आणि बैलाला वजनाप्रमाणे लहान, मध्यम, मोठा असे तीन वर्ग देणाऱ्या या नियमांनी तट्टाला सरसकट एकच आकडा दिला. वर हिशेब केलेल्या २२१ किलोंच्या तट्टाला ७० किलो म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. नियम पाळूनही जनावर मोडू शकते.

आणखी एक विसंगती आहे, ती अधिक टोचणारी. हे नियम उद्या काटेकोरपणे लावावयाचे ठरले तर पहिला पकडला जाईल तो रस्त्याने चाललेला धनगर, कारण त्याचे ओझे उघड्यावर दिसते व त्याला तोलता येते. प्रत्यक्षात त्या तट्टावरचा पसारा आकाराने मोठा असला तरी वजनाने तसा असेलच असे नाही, आणि त्याचा मालक बहुधा स्वतः पायी चालत असतो. तो शिलेदाराच्या जातकुळीचा आहे: तट्टू लंगडले तर बिऱ्हाड मध्येच अडकते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दिवाळीनंतर बाहेर पडायचे, पाऊस लागला की माळावर परतायचे, या फेऱ्यात त्याने जी निवड पिढ्यान्पिढ्या केली, तीच आज ‘जात’ म्हणून कागदावर आली. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा एक भाग उसाखाली आणला आणि चराईची राने आक्रसली. जिरायती माळावर जे गवत उरले त्यावर मेंढरू आणि तट्टू दोन्ही टिकले. नोंदणीमुळे भीमथडी घोडीचे मोल वाढेल. त्या वाढीतला वाटा या माणसाकडे जावयाचा, की त्याच्याकडून स्वस्तात शिंगरे उचलून शहराजवळ तबेले थाटणाऱ्याकडे, हा प्रश्न अजून खुला आहे.

ओझ्याचा प्रश्न जातीच्या भवितव्याशी येऊन भिडतो तो असा. पर्यटक मोठा आणि घोडा लहान असेल, तर बाजार दोन मार्ग सुचवितो. एक, लहान घोड्यावर मोठा माणूस बसवावा. दुसरा, मारवाडी वा काठियावाडी नर आणून घोड्याची उंची वाढवावी. दुसऱ्या मार्गात जनावराचे हाल कमी होतील, हे मान्य. पण चार-पाच पिढ्यांत नाव भीमथडीचे राहील आणि घोडा दुसराच असेल. देशी गाईंच्या संकराचा अनुभव आपल्या पाठीशी असताना तो पुन्हा घेण्याचे प्रयोजन नाही. तिसरा मार्ग कमी फायद्याचा वाटतो, परंतु या घोड्याच्या अंगकाठीला तोच शोभतो: त्यावर मुलांनी बसावे. शाळकरी वयाच्या स्वारांसाठी भीमथडी हा उत्तम घोडा ठरेल. मोठ्यांसाठी तो सामान वाहील व मोठे शेजारून चालतील. ज्यांना घोड्यावर बसण्याचीच हौस आहे त्यांनी मोठ्या घोड्याचे मोठे भाडे द्यावे.

यासाठी भीमथडीचे प्रमाण आपल्या भूमीवर, आपल्या उन्हात मोजले गेले पाहिजे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वीस-पंचवीस तट्टे, मापपट्टी, नाडी मोजण्याचे साधन आणि वाळूच्या पिशव्या एवढ्यावर प्राथमिक काम होण्यासारखे आहे. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी नोंदी ठेवण्यास आनंदाने येतील. मोजमाप होईपर्यंत, जेथे जेथे भीमथडीवर भाड्याची रपेट सुरू होईल तेथे एक वजनकाटा असावा, घोड्याचे अदमासे वजन व त्याची मर्यादा खोगिरावरच लिहिलेली असावी, आणि दर किलोप्रमाणे असावा. १९६५ च्या कोष्टकातील तट्टापुढचा ७० चा आकडा बदलणे दिल्लीच्या हाती आहे व त्याला वेळ लागेल. रपेटीच्या मैदानाला परवानगी देताना वजनकाट्याची अट घालण्यास मात्र ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरेल.