विश्लेषण : ‘अनपेक्षित अडचणी’ आणि ‘प्रतिकूल हवामान’… संकटात कंपन्या बोलतात, पण सांगतात काय?

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) आकडेवारीनुसार ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणे उशिराने झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. जानेवारीत कंपनीला २२.२० कोटींचा दंडही झाला. वैमानिकांचे नियम, बाजारातील मक्तेदारी, दंडाची रक्कम यावर बरीच चर्चा झाली. कंपनीने त्या दिवसांत प्रवाशांना नेमके काय सांगितले, हा प्रश्न मात्र मागे पडला.

पहिल्या निवेदनात काय होते?

३ डिसेंबरच्या निवेदनात कंपनीने अनेक ‘अनपेक्षित’ अडचणींचा उल्लेख केला. किरकोळ तांत्रिक बिघाड, हिवाळी वेळापत्रकातील बदल, प्रतिकूल हवामान, हवाई वाहतुकीतील गर्दी आणि सर्वांत शेवटी कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे सुधारित नियम, अशी ती यादी होती. वाचणाऱ्याला वाटावे की पाच संकटे एकाच दिवशी कोसळली.

यातले शेवटचे कारण अनपेक्षित नव्हते. हे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. पहिला टप्पा १ जुलै २०२५ला, तर दुसरा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा आठवड्याला सहावरून दोनवर आली. म्हणजे त्याच वेळापत्रकासाठी जास्त वैमानिक लागणार, हे गणित कागदावर आधीच मांडता येत होते. डीजीसीएच्या चौकशीतही वेळापत्रक गरजेपेक्षा जास्त ताणलेले असणे, नियमांसाठीची अपुरी तयारी, सॉफ्टवेअरमधील त्रुटी आणि व्यवस्थापनातील उणिवा यांवर बोट ठेवले गेले. या कारणांत हवामान नाही.

शब्दांनी प्रवाशाला काय फरक पडतो?

थेट पैशांचा फरक पडतो. विमान ऐनवेळी रद्द झाले आणि चूक कंपनीची असेल, तर तिकिटाच्या परताव्याखेरीज उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ ते १० हजार रुपयांपर्यंत (किंवा मूळ भाडे आणि इंधन शुल्क, यातील कमी असेल ती रक्कम) भरपाई मिळू शकते. पण कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे असेल, तर ही भरपाई द्यावी लागत नाही. हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणाशी संबंधित अडचणी या सवलतीत मोडतात. इंडिगोने भरपाई टाळण्यासाठीच तसे लिहिले, असे म्हणायला आधार नाही. उलट, ३ ते ५ डिसेंबरदरम्यान जास्त त्रास झालेल्या प्रवाशांना नियमातील भरपाईशिवाय १० हजार रुपयांची व्हाउचर्स देण्याचे कंपनीने पुढे जाहीर केले. तरीही कोणते कारण पुढे आणि कोणते मागे, याला किंमत असते. अशी निवेदने विधी विभागाच्या नजरेखालून जातात ती यामुळेच.

मग उपयोगी माहिती कधी मिळाली?

५ डिसेंबरला. त्या दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर एल्बर्स यांनी व्हिडीओद्वारे माफी मागितली. बातम्यांचे मथळे माफीचे झाले, पण त्या व्हिडीओतील कामाच्या गोष्टी दोन होत्या : विमान रद्द झाले असेल तर विमानतळावर येऊ नका, आणि सेवा पूर्ववत व्हायला १० ते १५ डिसेंबर उजाडेल. पुण्याहून नागपूरला निघालेल्या माणसाला सकाळी ‘आज विमान नाही’ असे कळले, तर तो रात्रीची गाडी किंवा ट्रॅव्हल्स गाठू शकतो. ‘एक तास उशीर’ असे करत त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले, तर तोही मार्ग बंद होतो. सुरुवातीच्या तासांत कंपनीलाच चित्र स्पष्ट नसते, हे खरे. एका विमानाला उशीर झाला की चालक दलाचे ड्युटीचे तास संपतात आणि पुढची उड्डाणे अडकतात. पण ‘आम्हाला अजून माहीत नाही, चार वाजता पुन्हा सांगू’ एवढे तरी सांगता येते.

खरे बोलूनही दिशाभूल होते का?

होते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तो हाच दिवस. कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी ‘एक्स’वर लिहिले, की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवली आहे. प्रत्येक शब्द खरा होता. पण बंद पडलेल्या बहुतेक संगणकांपर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोहोचणार नव्हती. प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवावा लागणार होता. त्या पहिल्या पोस्टमध्ये माफीही नव्हती, ती काही तासांनी टीव्हीवर आली.

मात्र या कंपनीने पुढे केलेली एक गोष्ट आपल्याकडे क्वचितच दिसते. ऑगस्टमध्ये तिने दोषाचे मूळ सांगणारा तांत्रिक अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअरचा एक भाग २१ नोंदींची अपेक्षा करत होता, प्रत्यक्षात त्याला २० मिळत होत्या आणि चाचणीत ही तफावत निसटली. इतके साधे आणि इतके लाजिरवाणे कारण कंपनीने स्वतःच्या नावाने छापले.

प्रवाशाने काय करावे?

विमान रद्द झाल्यास त्याचे कारण कंपनीकडून लेखी मागावे. संदेश, ई-मेल आणि अॅपवरील बदलत्या वेळांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. भरपाईच्या वादात कारण आणि कळवल्याची वेळ, या दोनच गोष्टी निर्णायक ठरतात. कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.